सेवेकरी कसे जमवायचे? यात्रेआधीचा पाठ

ताईंनो, आपल्या माढा तालुक्यातलं अरण म्हणजे सावता महाराजांचं गाव. 1295 साली महाराजांनी इथंच समाधी घेतली. आषाढ वद्य चतुर्दशीच्या पुण्यतिथीला पंढरपुराहून देवाची पालखी अरणला येते. गर्दी मोठी, त्यात पावसाळा. अशा वेळी पाणी, जेवणाची पंगत, चुकलेली मुलं यासाठी गटाच्या बायकांना हाक येते. मग बैठकीत आपण विचारतो, "कोण कोण येणार?" सगळ्याच हात वर करतात, त्या दिवशी मात्र त्याच चौघी राबतात. हे टाळायचं कसं?

1. आधी काम लिहा, मग नाव. "मदतीला या" असं म्हणू नका. "पाण्याच्या टाकीपाशी, सकाळी 8 ते 12" असं सांगा. वेळ ठरलेली असली की घरी सांगणं सोपं जातं. मजुरीला जाणाऱ्या ताईला संध्याकाळची पाळी द्या; तिचा रोज बुडवू नका.

2. हिशेब मांडा. एक जागा 12 तास सांभाळायची, तर 4 तासांच्या 3 पाळ्या. प्रत्येक पाळीला दोघी, म्हणजे 6 जणी. शिवाय 2 राखीव. एका जागेला 8 नावं हवीत.

3. बायका म्हणजे फक्त चूल नव्हे. ज्यांना लिहिता येतं त्या नोंदीला, ज्यांचा आवाज खणखणीत त्या रांगेला. गरोदर आणि आजारी ताईंना बसून करायचं काम द्या.

4. आदल्या दिवशी जागा दाखवा. पाणी, शौचालय, पोलीस, दवाखाना कुठे आहे ते प्रत्येकीला माहीत हवं. चुकलेलं मूल सापडलं तर एकीनं त्याच्यापाशीच थांबायचं, दुसरीनं पोलिसांना कळवायचं. अनोळखी माणसाच्या हाती मूल द्यायचं नाही. नंबर पाठ करा: रुग्णवाहिका 108, पोलीस 112, बालकांसाठी 1098.

5. पाळी बदलल्याशिवाय जागा सोडू नका, पण बदली पाठवायची जबाबदारी प्रमुख ताईची. सेवेकरी उपाशी राहिली, तर चूक तिची नाही, आपल्या नियोजनाची.

6. न आलेल्या ताईला दंड लावू नका. बैठकीचा दंड वेगळा. सेवा मनानं होते. का जमलं नाही ते विचारा, पुढच्या वेळी पाळी बदलून द्या.

पुढच्या बैठकीत करा: वहीत चार रकाने आखा – काम, जागा, वेळ, नाव. तीच ती चार नावं पुन्हा पुन्हा आली, तर थांबा आणि अजून हाक न मारलेल्या ताईच्या दारात जा.