हसण्याचा झटका आणि लेसरचा उपचार

तान्हे मूल अकारण हसू लागले तर घरात कौतुकच होते. बालरोगतज्ज्ञाने मात्र दोन प्रश्न विचारावेत. हे हसू दिवसातून अनेकदा, त्याच ठरावीक पद्धतीने, काही सेकंदच येते काय? आणि त्या वेळी बाळाच्या चेहऱ्यावर खरा आनंद दिसतो काय? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर तो जेलॅस्टिक झटका असू शकतो. याचे प्रसिद्ध कारण म्हणजे हायपोथॅलॅमसमधील हॅमार्टोमा ही जन्मजात गाठ. ती कर्करोगाची नव्हे. पण हे झटके औषधांना सहसा दाद देत नाहीत, आणि पुढे मोठे झटके, बौद्धिक घसरण, अनावर राग, काहींत अकाली वयात येणे, असे प्रश्न उभे राहतात. ईईजी निर्दोष येऊ शकतो, सीटी स्कॅनमध्ये लहान गाठ निसटते. म्हणून मी पालकांकडून मोबाईलवरचे चित्रण मागतो आणि त्या भागाचे बारीक छेद घेणारा एमआरआय सांगतो.

ही गाठ मेंदूच्या तळाशी, दृष्टिचेता, पिट्यूटरी आणि स्मृतीच्या तंतूंच्या शेजारात असते. कवटी उघडून तेथे जाणे जोखमीचे. २००७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या व्हिज्युअलेज प्रणालीने दुसरी वाट दिली. ह्यूस्टनच्या टेक्सास चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधील डॉ. डॅनियल करी व सहकाऱ्यांनी मुलांच्या अपस्मारातील आपले अनुभव २०१२ मध्ये प्रसिद्ध केले.

कवटीतील काही मिलिमीटरांच्या छिद्रातून लेसरचा तंतू गाठीत नेतात. भोवतीची नळी सलाइनने थंड राखली जाते. खरी करामत एमआरआयची आहे. पाण्यातील प्रोटॉनांची अनुनाद-वारंवारता तापमानागणिक किंचित सरकते. त्यावरून दर काही सेकंदांनी उष्णतेचा नकाशा मिळतो. ६० अंश सेल्सिअसच्या वर पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. नाजूक भागापाशी ठरवलेली मर्यादा ओलांडली की लेसर आपोआप बंद पडतो.

बहुसंख्य मुलांचे हसण्याचे झटके यामुळे थांबल्याचे वृत्तांत आहेत, आणि मूल बहुधा एक-दोन दिवसांत घरी जाते. तरी पालकांना ‘बिनधोक’ हा शब्द मी सांगत नाही. स्मृती मंदावणे, सोडियमचा बिघाड, वजन वाढणे हे धोके आहेत. काहींना उपचार पुन्हा करावा लागतो. दिल्लीच्या एम्समध्ये याच गाठीवर रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने उपचार झाले आहेत. त्यामुळे दोन योग्य औषधे निष्फळ ठरताच मुलाला अपस्मार-शस्त्रक्रियेच्या केंद्राकडे पाठवावे. तिसऱ्या, चौथ्या औषधात वर्षे दवडू नयेत.