घाईचा शब्द आणि मागाहून सुचलेला विचार

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे ६:१-५, यहोशवा ९:३-२१, यिर्मया ३२:६-२५, स्तोत्र १५
मननासाठी : स्तोत्र १५:४. आपले नुकसान होत असले तरी दिलेला शब्द न फिरवणारा मनुष्य देवाच्या मंडपात राहतो, असा या वचनाचा आशय आहे.



नवस, शपथ आणि वचन या विषयांवर आपण उपासनेत पुष्कळ ऐकतो. परंतु दिलेल्या शब्दाची परीक्षा बहुधा मंदिरात होत नाही. ती बाजारात, कचेरीत आणि घराच्या व्यवहारात होते. या पाठात असाच एक व्यवहार घेऊन आपण पवित्र शास्त्राकडे जाणार आहोत. व्यवहार माझाच आहे आणि चूकही माझीच आहे. म्हणून सांगताना संकोच वाटतो, पण उपयोग होईल या आशेने सांगतो.

एका रविवारी उपासना आटोपल्यावर ओळखीच्या एका गृहस्थांनी मला बेळगावात विक्रीस असलेले एक घर दाखवले. मंगलोरी कौलांचे छप्पर, पुढे अंगण, अंगणात फणसाचे झाड. भाड्याच्या दोन खोल्यांत सोळा वर्षे काढलेल्या माणसाला ते पाहून काय वाटेल, हे सांगावयास नको. घराचे मालक वृद्ध होते व घर विकून मुलाकडे राहावयास जाणार होते. ते म्हणाले, "आणखी एक जण विचारून गेलेत. त्यांना उद्या उत्तर द्यायचं आहे." एवढे ऐकले आणि माझा धीर सुटला. "अडतीस लाख, पक्के," असे म्हणून मी मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन एकवीस हजार रुपयेही त्यांच्या हाती ठेवले. कोणी याला विसार म्हणतात, कोणी बयाना, आमच्याकडे जुनी माणसे संचकार म्हणतात. नाव काहीही असो, शब्द आणि पैसा दोन्ही हातचे गेले होते.

संध्याकाळी पत्नीला सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "मागच्या भिंतीला ओल आहे का? कागद कोणाला दाखवलेत? आणि धाकटीच्या नर्सिंगच्या फीचं काय?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. शेवटी ती म्हणाली, "मला विचारलं नाहीत ते एक राहू द्या. प्रभूला तरी विचारलं होतं का?"

त्या रात्री झोप लागली नाही. वही घेऊन हिशेब मांडला. प्रॉव्हिडंट फंड, बँकेचे कर्ज, दरमहाचा हप्ता, मुलीची फी. बेरीज जुळेना. मनात दोन वाटा दिसू लागल्या. एक अशी की आता शब्द दिला आहे, काहीही होवो, घर घ्यायचेच. दुसरी अशी की फोन उचलायचा नाही, मध्यस्थाकडून निरोप पाठवायचा, "भिंतीला ओल आहे, आम्हाला नको." पहिली वाट धार्मिक दिसत होती आणि दुसरी सोपी. शास्त्र उघडल्यावर कळले की दोन्ही वाटा अपुऱ्या आहेत.

१. पाशात सापडलेल्याने काय करावे?

नीतिसूत्रे ६:१-५ हा उतारा दुसऱ्यासाठी जामीन राहणाऱ्या मनुष्याविषयी आहे. पण जो आपल्याच तोंडच्या शब्दाने अडकला त्या प्रत्येकाला तो लागू पडतो. तेथे ज्ञानी पुरुष काय सांगतो, ते पाहा. तो "गप्प बस" असे सांगत नाही, "पळून जा" असेही सांगत नाही. तो म्हणतो, ज्याच्या हाती तू सापडलास त्याच्याकडे जा, नम्र हो, विनवणी कर आणि हे केल्याशिवाय डोळ्याला डोळा लागू देऊ नको. हरिण आणि पाखरू जशी सुटकेसाठी धडपडतात तशी तू धडपड कर.

यात तीन गोष्टी आहेत. जायचे ते स्वतः, मध्यस्थाला पाठवून नव्हे. जायचे ते आज, आठ दिवसांनी नव्हे. आणि जायचे ते नम्रतेने, घरात खोट काढून नव्हे. घेणारा माल वाईट वाईट म्हणतो आणि मग आपल्याशीच फुशारकी मारतो, हे नीतिसूत्रे २०:१४ मध्ये सांगितलेच आहे. आपली घाई झाकण्यासाठी दुसऱ्याच्या घराला नावे ठेवणे हे दुसरे पाप होय.

२. गिबोनकरांना दिलेला शब्द

यहोशवाच्या नवव्या अध्यायात गिबोनचे लोक जुने बुधले, ठिगळे लावलेले जोडे आणि बुरसलेली भाकर घेऊन आले व आपण दूर देशाहून आलो असे म्हणाले. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी त्यांची शिदोरी तपासली, पण परमेश्वराला विचारले नाही. हे चौदाव्या वचनात मुद्दाम नमूद केले आहे. तीन दिवसांनी कळले की हे तर शेजारीच आहेत. सर्व मंडळी कुरकुर करू लागली. तरीही पुढाऱ्यांनी शपथ मोडली नाही. पुढे गिबोनवर शत्रू चालून आले तेव्हा यहोशवा त्यांच्या रक्षणाला धावला. पुष्कळ वर्षांनी शौलाने गिबोनकरांना मारले, तेव्हा दाविदाच्या दिवसांत देशावर तीन वर्षांचा दुष्काळ आला (२ शमुवेल २१:१).

येथे लक्षात घ्या, त्या करारात फसवणूक समोरच्यांनी केली होती. तरी शब्द पाळला गेला. मग जेथे फसवणूक नाही, केवळ आपलीच उतावीळ आहे, तेथे आपण किती बांधलेले आहोत!

३. मग सुटका मागणे योग्य की शब्द पाळणे योग्य?

नीतिसूत्रे म्हणते जाऊन सुटका मागून घे, आणि स्तोत्र १५ म्हणते नुकसान सोसूनही शब्द पाळ. या दोहोंत विरोध आहे काय? मला वाटते, नाही. एकदा शब्द दिला की त्याची किल्ली ज्याला दिला त्याच्या हाती जाते. ती त्याच्याकडे मागता येते, हिसकावून घेता येत नाही. सुटका मागणे म्हणजे शब्द मोडणे नव्हे. परंतु मागताना "नाही" हे उत्तर ऐकण्याची तयारी असली पाहिजे. आणि आपल्या घाईमुळे त्याचे जे नुकसान झाले ते आपण भरून दिले पाहिजे.

लेवीय ५:४-६ मध्ये अविचाराने शपथ घेणाऱ्यासाठी तरतूद आहे. त्याने आपला दोष कबूल करावा आणि दोषार्पण आणावे. उतावळ्या शब्दालाही देवाच्या दारी उपाय आहे. पण त्या उपायाची पहिली पायरी कबुली ही आहे.

४. मागाहून आलेली प्रत्येक शंका देवाची नसते

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मोठा व्यवहार केल्यावर मन चरकतेच. ती भीती म्हणजेच देवाचा नकार, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय वाचा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता, आणि संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल याच्याकडून त्याने अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले. खरेदीपत्र झाले, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, एक प्रत मोहोरबंद व एक उघडी अशा दोन्ही प्रती बारूखाने मातीच्या भांड्यात ठेवाव्यात अशी आज्ञा झाली. आणि मग यिर्मया प्रार्थनेस लागला. त्या प्रार्थनेच्या शेवटी तो काय म्हणतो? नगर खास्द्यांच्या हाती जात आहे, आणि तू मला शेत विकत घ्यावयास सांगितलेस!

खरेदीनंतर संदेष्ट्याचेही मन डळमळले. पण त्याने व्यवहार फिरवला नाही. शंका घेऊन तो देवाकडे गेला. कारण त्याची खरेदी देवाच्या शब्दावर उभी होती. माझी खरेदी "उद्या दुसऱ्याला उत्तर द्यायचं आहे" या एका वाक्यावर उभी होती. म्हणून शंका आली की स्वतःला विचारावे, ही केवळ भीती आहे, की आधी विचारावयाचे राहिलेले प्रश्न आता दार ठोठावत आहेत? माझ्या बाबतीत तरी ते पत्नीचे प्रश्न होते, आणि ते खरे होते.

५. कायदा काय म्हणतो?

संडे स्कूलच्या मोठ्या वर्गात हा प्रश्न हमखास निघतो, म्हणून थोडक्यात सांगतो. भारतीय करार कायदा १८७२, कलम ५ प्रमाणे, समोरच्याने मान्यता कळवून ती पुरी होण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो; नंतर नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५४ प्रमाणे, विक्रीच्या नुसत्या कराराने घरावर हक्क निर्माण होत नाही. त्यासाठी नोंदणी झालेले खरेदीखत लागते. विसार म्हणून दिलेली रक्कम घेणाऱ्याने करार मोडल्यास जप्त होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीही सांगितले आहे.

वकिलाला विचारले असते तर माझ्याजवळ लेखी कागद नाही, तेव्हा कोर्टात फारसे काही होणार नाही, असे कदाचित त्याने सांगितले असते. पण मत्तय ५:३७ मध्ये प्रभू येशूने होय तर होय आणि नाही तर नाही असे बोलण्यास सांगितले, तेथे स्टँप पेपरची अट घातलेली नाही.

६. पुढे काय झाले

मंगळवारी सकाळी मी त्या वृद्ध गृहस्थांकडे गेलो. सर्व खरे सांगितले. घर चांगले आहे, दोष माझ्या घाईचा आहे. शेवटी म्हणालो, "काका, तुम्ही सोडलंत तर सुटेन. नाही सोडलंत तर कर्ज काढून घेईन, पण शब्द फिरवणार नाही." ते रागावले नाहीत, पण म्हणाले, "तुमच्या शब्दावर काल मी त्या माणसाला नाही सांगितलं."

हे ऐकून मला माझ्या चुकीचे खरे वजन कळले. माझी रात्रीची झोप गेली होती, त्यांचे गिऱ्हाईक गेले होते. मी त्यांना त्या दुसऱ्या गृहस्थांना विचारण्याची विनंती केली. दोन दिवसांनी उत्तर आले. ते घर घेण्यास तयार होते, पण साडेसदतीस लाखांना. एकदा नकार मिळालेला मनुष्य परत बोलावला की भाव पाडणारच. म्हणजे माझ्यामुळे वृद्ध माणसाचे पन्नास हजारांचे नुकसान होत होते.

पत्नी आणि मी प्रार्थना केली. एकवीस हजार त्यांच्याकडे होतेच. उरलेले एकोणतीस हजार तीन महिन्यांत देण्याचे ठरवले. त्यांनी पहिल्यांदा घेण्यास नकार दिला. मी म्हणालो, "हे दान नाही काका, देणं आहे." मग त्यांनी घेतले. मंडळीतील काहींनी मला वेड्यात काढले, आणि विचारणाऱ्याला पटवून देणे मला अजूनही नेहमी जमत नाही. पण आजही ते गृहस्थ आम्हाला नाताळाला फोन करतात. आम्ही भाड्याच्याच घरात आहोत, आणि मुलीची फी वेळेवर भरली गेली.

७. पुढच्या वेळेसाठी

शास्त्रात चांगल्या खरेदीचेही नमुने आहेत. नीतिसूत्रे ३१:१६ मधील सद्गुणी स्त्री शेताचा विचार करते आणि मग ते घेते, क्रम पाहा. अब्राहामाने मकपेलाचे शेत घेतले तेव्हा गावाच्या वेशीत, सर्वांच्या देखत, चारशे शेकेल रुपे तोलून दिले. त्या व्यवहारात शेत, गुहा आणि शेतातील झाडे यांचा वेगवेगळा उल्लेख आहे (उत्पत्ती २३:१६-१८). सारा मरण पावली होती, मन दुःखाने भरले होते, तरी त्याने व्यवहार अर्धवट केला नाही. लूक १४:२८ मध्ये प्रभूने बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करावयास सांगितले. "बसून" हा शब्द महत्त्वाचा आहे. मी उभ्याउभ्याच भाव केला होता.

म्हणून आमच्या घरी आता चार गोष्टी ठरल्या आहेत. घर पाहिल्यावर एक रात्र जाऊ द्यावयाची. पती-पत्नी दोघांनी पाहिल्याशिवाय आकडा बोलावयाचा नाही. मालकीचे कागद आणि मिळकतीवर बोजा आहे की नाही याचा दाखला जाणत्याला दाखवल्याशिवाय विसार द्यावयाचा नाही. आणि दिला तर तो लेखी पावतीवर, कोणत्या अटीवर परत मिळेल हे लिहूनच. "दुसरे गिऱ्हाईक आहे" असे कोणी म्हटले तर त्या गिऱ्हाइकाला ते घर लाभो, अशी प्रार्थना करावयाची.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. गिबोनकरांच्या बाबतीत इस्राएलाच्या पुढाऱ्यांची पहिली चूक कोणती? ती कळल्यावर त्यांनी दुसरी चूक कशी टाळली?
२. यिर्मयाची शंका आणि उतावळ्या मनुष्याची शंका यांत काय फरक आहे?
३. सुटका मागणे आणि शब्द मोडणे यांतील भेद तुमच्या अनुभवातून सांगा.
४. बालवर्गासाठी : मित्राला खेळणे देण्याचे कबूल केले आणि मग द्यावेसे वाटेना, तर काय करावे?

प्रार्थना

हे प्रभो, आमच्या ओठांवर पहारा ठेव. बोलण्यापूर्वी तुला विचारण्याची बुद्धी दे. आणि विचारण्याआधीच बोलून बसलो तर शेजाऱ्याच्या दारी जाऊन खरे सांगण्याचे धैर्य दे. आमच्या घाईची किंमत दुसऱ्याला भरावी लागू नये, असे आमच्या हातून घडव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.