गुंडीवरचा ९४

तेल्हारा तालुक्यातील एका विद्यार्थ्याने शालेय विज्ञान प्रदर्शनापूर्वी माझ्याकडे धातूची एक जुनी गुंडी आणली. अडगावजवळच्या शेतात वखर चालू असताना ती वर आली होती. तिच्यावर इंग्रजी आकड्यांत ९४ उमटलेले होते. त्याने चिठ्ठीही तयार ठेवली होती : ‘अडगावच्या लढाईतील इंग्रज शिपायाची गुंडी, १८०३’.

विधान अगदीच निराधार नव्हते. अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झाली. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेविरुद्ध वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या सैन्यात ९४ क्रमांकाची स्कॉटिश पलटण होती. पुढे १५ डिसेंबरला गाविलगडाच्या आतल्या तटाला शिड्या लावून प्रथम चढली ती याच पलटणीची एक तुकडी. पण पलटणींचे क्रमांक शाळेतील हजेरीपटासारखे असतात. एक गेला की तोच क्रमांक दुसऱ्याला मिळतो. ही पलटण १८१८ मध्ये मोडली. १८२३ ते १८८१ या काळात ब्रिटिश सैन्यात दुसरी ९४ वी पलटण होती. शिवाय हैदराबाद कंटिंजंटमधील एका पलटणीला १९०३ मध्ये ‘९४ वी रसेल्स इन्फंट्री’ हे नाव मिळाले. या कंटिंजंटची छावणी आपल्या अचलपुरासही होती. १९२२ मध्ये हा क्रमांक गेला. हैदराबाद रेजिमेंट बनली आणि १९४५ मध्ये तीच कुमाऊँ रेजिमेंट झाली.

आता या तिघांपैकी गुंडी कोणाची? १८५५ पूर्वी साध्या ब्रिटिश शिपायाच्या गुंड्या कथील व शिसे यांच्या करड्या मिश्रधातूच्या असत. त्यानंतर पितळेच्या आल्या. तेव्हा घनता काढावी असे ठरले. पितळेची घनता सुमारे ८.५ असते. कथलाची ७.३ आणि शिशाची ११.३. मात्र येथे एक फसगत आहे. ६० भाग कथील व ४० भाग शिसे घेतले, तर त्या मिश्रधातूची घनताही ८.५ च्या आसपासच येते! (करून पाहा, घनतांची नुसती सरासरी काढू नका, दोन्हींचे आकारमान काढून बेरीज करा.) म्हणून रंगही पाहावा लागतो. आजीने चिंच लावून गुंडी लख्ख घासली होती, हे वाईट झाले. तरी मागच्या कडीच्या बुडाशी हिरवा गंज शिल्लक होता. हिरवा गंज म्हणजे तांबे, आणि पितळेत तांबे असतेच.

पण १८०३ च्या अधिकाऱ्यांच्या गुंड्या सोनेरी मुलाम्याच्या असत व त्या मुलाम्याखाली तांबे असे. म्हणजे प्रश्न मिटला नाही.

मग आम्ही गुंडी दोऱ्याने तराजूला टांगली. हवेत वजन भरले ४.१० ग्रॅम, पाण्यात ३.३०. घट ०.८० ग्रॅम, म्हणजे आकारमान ०.८० घन सेंटिमीटर आणि घनता ५.१. मुलाचा चेहरा उतरला. ‘‘सर, प्रयोग चुकला.’’

बुडबुडे चिकटले असतील म्हणून साबणाचे पाणी लावून, ब्रशने पुसून पुन्हा वजन केले. उत्तर तेच. गंज धातूपेक्षा हलका असतो हे खरे, पण एवढ्याशा गंजाने एवढा फरक पडत नाही. तांब्याची कोणतीही सैनिकी मिश्रधातू इतकी हलकी नसते. तेव्हा आत पोकळी असली पाहिजे! भिंगातून कडेला पाहिले. समोरच्या पत्र्याची कड मागच्या पत्र्यावर दुमडलेली स्पष्ट दिसली. दोन पत्र्यांची अशी बंद गुंडी करण्याची पद्धत १८१३ नंतर रुळली. अडगावच्या रणांगणावर ती असणे शक्य नव्हते.

गुंडीवर मुकुट असता, तर काम आणखी सोपे झाले असते. उंच, गोल कमानींचा मुकुट १९०१ नंतरच्या राजांच्या काळातला, आणि २६ जानेवारी १९५० नंतर भारतीय सैन्याच्या चिन्हांवरून मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. या गुंडीवर तो नव्हता.

अशा वस्तूंसाठी गाविलगड किंवा नरनाळ्यावर कुदळ मारू नये. ती संरक्षित स्मारके आहेत. वस्तू वर आलेली दिसली, तर जागा वहीत लिहावी. मौल्यवान काही जमिनीत सापडले, तर १८७८ च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

प्रदर्शनात गुंडी ठेवली ती तराजूशेजारी. चिठ्ठी मुलाने स्वतः बदलली : ‘पोकळ गुंडी, तांब्याची मिश्रधातू, क्रमांक ९४. १८०३ ची नाही. १८२३–१८८१ किंवा १९०३–१९२२.’