लहरी कोणाच्या, नियम कोणासाठी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावरची ट्रंक आवरताना आजोबांच्या कागदपत्रांत मला एक लहानसे पुस्तक सापडले. ते आमच्या घरच्या रेडिओचे लायसन्स होते. दरवर्षी पोस्टात १५ रुपये भरावयाचे, पुस्तकात तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यावयाचा आणि मगच निर्धास्तपणे रेडिओ ऐकावयाचा, असा तो काळ. आजी म्हणाली, "शिक्का चुकला तर दंड पडायचा, म्हणून हे ते पुस्तक देवाच्या कोनाड्यात ठेवायचे." ऐकण्यासाठीही परवाना लागत असे याचे मला प्रथम हसू आले. पण नवे साधन आले की त्यावर नियंत्रण किती असावे, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. त्याचा थोडा अभ्यास येथे मांडीत आहे.

मुळात नियमच नकोत असे म्हणता येत नाही. एकाच भागात दोन केंद्रे एकाच कंप्रतेवर बोलू लागली तर श्रोत्याला दोघांचेही धड ऐकू येत नाही. एफ. एम. रेडिओसाठी आपल्याकडे ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झ एवढीच पट्टी आहे. ती कोणीतरी वाटून द्यावीच लागते. चौकात पोलीस असावा तो याचसाठी. मात्र पोलिसाने वाहनांना वाट द्यावी. गाडीत कोणी बसावे आणि कोणते गाणे म्हणावे, हे ठरवू नये.

आपल्याकडे नेमके हेच घडले. १८८५ च्या तार कायद्याने तारयंत्रणेचा एकाधिकार सरकारकडे ठेवला. पुढे बिनतारी संदेशवहनही त्याच छत्राखाली आले आणि १९३३ च्या कायद्याने परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगणे हा गुन्हा ठरला. परक्या राजवटीला प्रजेच्या हातातील संदेशयंत्राची भीती वाटावी यात नवल नाही. नवल हे, की स्वातंत्र्यानंतरही तीच चौकट कायम राहिली.

१९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीत घरोघर पोहोचावे ही त्यांची तळमळ खरी होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला. परंतु त्यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी काटा फिरविला आणि रेडिओ सिलोन लावला! आमचे आजोबाही दर बुधवारी रात्री 'बिनाका गीतमाला' ऐकत. श्रोते गेले आणि जाहिरातींचा पैसाही समुद्रापार गेला. अखेर १९५७ साली आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. लहरींना सीमा नसते, हे सीमाभागात राहणाऱ्या आपणांस वेगळे सांगावयास नको.

या इतिहासाला वळण मिळाले ते क्रिकेटमुळे. १९९३ च्या हीरो चषक स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला व तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्राचे सार असे: लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे; तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको, तशी धनिकांचीही नको; तिचे नियमन एखाद्या स्वायत्त सार्वजनिक संस्थेने करावे. मला यातील दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. सरकारी कुलूप काढून किल्ली एखाद्या मोठ्या कंपनीच्या हाती दिली, तर सामान्य माणूस दाराबाहेरचा दाराबाहेरच राहतो.

नियम नसले किंवा चुकीचे असले तर काय होते, याचेही दाखले आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. अशा अफवा मोबाईलवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. कोणाचे तोंड बंद केले नाही. केवळ वेग कमी केला. याउलट माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ पाहा. 'त्रासदायक' अशा मोघम शब्दांवर त्यात शिक्षा होती. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील साध्या मजकुरासाठी अटक झाली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. यावरून मला वाटते की नियमाने नेमकी हानी ओळखावी, साधनालाच गुन्हेगार ठरवू नये, आणि त्याचे शब्द शाळकरी मुलालाही समजतील इतके स्पष्ट असावेत.

हा विषय मला पुस्तकी वाटत नाही. कारण यंदा आपल्या महाविद्यालयाने सामुदायिक रेडिओ केंद्रासाठी अर्ज करावा, अशी चर्चा निघाली आहे. शिक्षणसंस्थांसाठी ही वाट २००२ साली आणि स्वयंसेवी संस्थांसाठी २००६ साली खुली झाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे 'माणदेशी तरंग' याच वाटेने २००८ मध्ये सुरू झाले. २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रक्षेपणाची शक्ती साधारणतः १०० वॅटपर्यंत ठेवली होती. हे बंधन मला मान्य आहे. त्यामुळे शेजारच्या छोट्या केंद्रालाही जागा उरते. परंतु त्याच तत्त्वांनी बातम्यांना बंदी घातली, ते पटत नाही. आमच्या गल्लीत चार दिवस नळाला पाणी का आले नाही, ही बातमी की माहिती?

चर्चेत काही मित्र म्हणाले, "परवान्याची भानगड कशाला? मोबाईलवरून कार्यक्रम करू." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण माझ्या आजीकडे तसला मोबाईल नाही. भाजी निवडताना ती अजूनही रेडिओच लावते. शिवाय परवाना घेतलेल्या केंद्राला जाब विचारता येतो, आणि ज्याला जाब विचारता येतो त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. म्हणून नियम नकोत असे मी म्हणणार नाही. नियम करणाऱ्यालाही जाब विचारता यावा, एवढेच माझे मागणे आहे.

१८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ साली संसदेने नवा दूरसंचार कायदा संमत केला. तो आपण विद्यार्थ्यांनी वाचावा. कन्नड विभागातील माझ्या मित्राने व मी तूर्त एवढेच ठरविले आहे: केंद्र झालेच, तर सकाळचा पहिला तास दोन्ही भाषांचा असेल. आजोबांचे पुस्तक तेव्हा मी स्टुडिओत ठेवणार आहे.