पैसा कोणाच्या सल्ल्याने ठेवावा?



आमच्या पोखर्णीकडे सोयाबीन आणि कापसाचे पैसे दिवाळीच्या पुढेमागे हाती येतात. कोणाला रस्त्याच्या भूसंपादनाचा मोबदला मिळतो, तर कोणाला ऊसतोडीची उचल. पैसे आले की आठवडाभरात कोणीतरी दारात येतोच. तो बहुधा ओळखीचा असतो. नात्यातला, गावातला किंवा आपल्याच मंडळीतला. या अंकाचा पाठ त्या दारातल्या माणसाविषयी आहे.

आधी माझी चूक सांगते. दहा-एक वर्षांपूर्वी आमच्या प्रार्थना गटातल्या एका विधवा मावशींना विम्याचा एजंट भेटला. माणूस सालस होता, उपासनेला नियमित येणारा. मावशींनी मला विचारले, तेव्हा मी म्हणाले, "आपलाच माणूस आहे, करा सही." कागद मी वाचले नाहीत. वीस वर्षांची पॉलिसी होती आणि वर्षाचा हप्ता मावशींच्या दोन महिन्यांच्या मजुरीएवढा. पहिला हप्ता भरला, दुसरा जमला नाही. पॉलिसी बंद पडली आणि भरलेले पैसे गेले. मावशी एवढेच म्हणाल्या, "ताई, तुम्ही म्हणालात म्हणून सही केली." एजंटाने फसवले असे मी म्हणणार नाही. पण विमा विकणे हे त्याचे काम होते. मावशींना तो झेपेल का, हे पाहण्याचे काम कोणीच केले नव्हते.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण आहे. त्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू सुचवतो. आपणही सही करण्याआधी बसावे आणि समोरच्याला तीन प्रश्न विचारावेत.

१. तुमची नोंदणी कोणाकडे आहे?

गुंतवणुकीचा सल्ला फी घेऊन देणाऱ्याने सेबीकडे नोंदणी केलेली असावी लागते. त्यासाठी २०१३ पासून स्वतंत्र नियम आहेत. अशा सल्लागाराचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो. म्युच्युअल फंड विकणाऱ्याकडे 'एआरएन' क्रमांक असतो आणि विमा एजंटाकडे विमा नियामकाच्या नियमांनुसार मिळालेले नियुक्तीपत्र. क्रमांक नुसता ऐकून घेऊ नका. सल्लागाराचा क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, पाच मिनिटांत पाहून देईल.

२. तुम्हाला पैसे कोण देते?

हा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो, पण तो अपमानाचा प्रश्न नाही. एजंटाला आणि वितरकाला कंपनी कमिशन देते. दीर्घ मुदतीच्या विम्यात पहिल्या वर्षीचे कमिशन सहसा सर्वांत मोठे असते. कमिशन घेणे पाप नाही, मात्र ते कोणत्या योजनेवर जास्त मिळते हे आपल्याला माहीत हवे. सेबीचा नोंदणीकृत सल्लागार ग्राहकाकडून फी घेतो. त्याच ग्राहकाला योजना विकून त्याला वर कमिशन घेता येत नाही.

३. पैसे कोणाच्या खात्यात जाणार?

म्युच्युअल फंडाचे पैसे फंडाच्या खात्यात जातात आणि विम्याचे कंपनीच्या. "माझ्या खात्यात टाका, मी भरतो," असे कोणी म्हणाले तर व्यवहार तिथेच थांबवा. रोख देऊ नका. पावतीशिवाय काहीच देऊ नका.

याच प्रश्नाचा दुसरा भाग असा की, ती संस्था बुडाली तर माझे काय? बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही, मग ती मल्टिस्टेट असो वा गावातली. पाटी मोठी आणि काउंटर काचेचा असला, तरी पतसंस्था म्हणजे बँक नव्हे.

हा फरक मराठवाड्याला फार महागात पडला. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटने ठेवींवर १२ ते १४ टक्के व्याज देऊ केले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये संबंधित कुटे समूहावर प्राप्तिकर विभागाचे छापे पडले आणि पैसे काढायला शाखांपुढे गर्दी झाली. लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. संचालकांवर गुन्हे दाखल झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. ठेवीदारांत निवृत्त शिक्षक होते, शेतकरी होते आणि मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवणारे आईबापही होते.

व्याज पटण्यासारखे आहे का, हे पाहायला पोस्टाची फूटपट्टी वापरा. एप्रिल २०२३ पासून किसान विकास पत्राचा दर ७.५ टक्के आहे आणि पैसे दुप्पट व्हायला ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडे जास्त लागतात. कोणी तीन वर्षांत दुप्पट म्हणत असेल, तर जास्तीचे पैसे कुठून येणार हे त्यालाच विचारा.

खरे तर तालुक्याच्या गावी नोंदणीकृत सल्लागार सहसा भेटत नाही. मग बँकेच्या आर्थिक साक्षरता केंद्रात जा, तिथला सल्ला मोफत असतो. थोडी बचत असेल तर पोस्ट किंवा बँक पुरते. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्यात वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे संरक्षण आहे. खाते असलेल्या १८ ते ५० वयाच्या कोणालाही त्यात नाव घालता येते. त्या मावशींना तेव्हा एवढाच विमा पुरला असता.

विमा घेतला आणि चूक लक्षात आली, तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर करता येते. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

पाळकांना आणि वडीलजनांना एक विनंती. उपासनेनंतर कोणालाही योजनेची माहिती सांगायला उभे करू नका. आपण ओळख करून दिली की लोक प्रश्न विचारायचे थांबतात. मी त्या मावशींच्या बाबतीत तेच केले होते.

गटात चर्चेसाठी:
• आपल्या घरात शेवटची सही कोणाच्या शब्दावर झाली? कागद कोणी वाचला?
• आपली ठेव बँकेत आहे की पतसंस्थेत?
• ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासोबत सहीच्या वेळी बसायला आपल्यातून कोण तयार आहे?