आजाऱ्याच्या उशाशी



कर्करोग शेवटच्या टप्प्यात गेला की घरची माणसे हळूच सांगतात, "फादर, इतक्यात तेल लावायला नको. बाबांना वाटेल, आपलं संपलं." या बोलण्यामागे माया असते, तसाच एक जुना गैरसमजही असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले की, हा संस्कार केवळ अखेरच्या घटका मोजणाऱ्यांसाठी नाही. त्याला रुग्णाभ्यंग म्हणणे अधिक योग्य. गंभीर आजार जडला की तो घेता येतो; आजार बळावल्यास पुन्हाही घेता येतो.

श्रद्धावंताला मरणाचे भय वाटूच नये, ही समजूतही चुकीची. गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला आणि त्याने शिष्यांना आपल्यासोबत जागे राहायला सांगितले. घाबरलेल्या आजाऱ्याला "तुमची श्रद्धा कमी पडते" असे सुनावणारे (आणि असे भेटीला येणारे पुष्कळ असतात!) ईयोबाच्या मित्रांच्या पंगतीत बसतात.

मग भीती कशाने हलकी होते? न्यूयॉर्कमधील अखेरच्या अवस्थेतील १६० कर्करुग्णांचा अभ्यास २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आत्मिक स्वास्थ्य चांगले असलेल्यांमध्ये निराशा आणि लवकर मरण यावे ही इच्छा कमी आढळली. त्यातही निव्वळ श्रद्धेपेक्षा, आपल्या जगण्याला अर्थ आहे आणि मन शांत आहे, या जाणिवेचा आधार मोठा दिसला. मला यात नवल वाटत नाही. खाटेभोवती रोझरी जरूर म्हणा. पण त्यांना बोलूही द्या. वाडी कशी उभी केली, मुले कशी शिकवली, हे ऐका. बांधावरून भावाशी अबोला असेल, तर त्या भावाला बोलावून आणा.

वेदना असह्य असताना कोणाला प्रार्थना सुचत नाही. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स शरीराच्या, मनाच्या, नात्यांच्या आणि आत्म्याच्या दुःखाला मिळून 'संपूर्ण वेदना' म्हणत. आपल्याकडे वांद्रे येथे १९८६ पासून शांती आवेदना सदन हीच सेवा करते. मॉर्फीन घेणे पाप आहे का, असे काही जण विचारतात. नाही. वेदना शमवण्यासाठी असे औषध घेण्यास पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच मान्यता दिली आहे.

घरी कोणी आजारी असल्यास मिस्सानंतर सॅक्रिस्टीत नाव द्यावे. रुग्ण शुद्धीवर असताना बोलवा, म्हणजे त्यांना कुमसार करता येईल, ख्रिस्तशरीर घेता येईल आणि मनात असेल ते विचारताही येईल.