पेलेचे उमेदवारीचे दिवस

पेलेची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. आम्ही येथे तिचा आरंभ सांगणार आहो.

ब्राझीलमधील बावरू गावी चिंध्या कोंबलेल्या पायमोज्याचा चेंडू करून हा मुलगा खेळे. वडील दोंदिन्यो हेही फुटबॉलपटू. पण गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची उमेद अर्ध्यावरच खुंटली. म्हणूनच मुलाने त्याच वाटेने जावे, हे आईस रुचत नसे.

१९५६ साली वाल्देमार दे ब्रितो या जुन्या खेळाडूने पंधरा वर्षांच्या पेलेस सांतोस संघाकडे नेले. पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. १९५७ मध्ये तो राष्ट्रीय संघात आला. पुढल्या वर्षी विश्वचषकाच्या तोंडावर त्याचाही गुडघा दुखावला! पित्याचे दुर्दैव पुत्राच्याही वाट्यास येणार की काय? परंतु संघाने त्याला वगळले नाही. स्वीडनमधील पहिले दोन सामने तो बाहेर बसून होता. पुढील चार सामन्यांत त्याने ६ गोल केले आणि सतराव्या वर्षी तो जगज्जेत्या संघाचा मानकरी ठरला.

गुणांना पारखी लागतो, तसे वाट पाहणारे सोबतीही लागतात. आपल्या वर्गातील खेळाडू जायबंदी झाला, तर त्याची जागा आपण राखून ठेवू काय?